दुरून डोंगर मोजावे

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यास डोंगर जवळून पाहण्याचा अनुभव चांगलाच आलेला असावा. लांबून निळा, मऊ आणि शांत दिसणारा डोंगर जवळ जातां खडक, कांटे आणि चढण यांचा बनलेला निघतो व पाहणाराचा विरस होतो. दुरून बांधलेला अदमास खोटा ठरतो, असा या म्हणीचा रोख आहे. आणि माणसांच्या व्यवहारांत तो पुष्कळदां खराही असतो. परंतु मनुष्याच्या विद्यांमध्यें एक विद्या अशी आहे, कीं जिचा सारा व्यापार या म्हणीच्या उलट चालतो. ती म्हणते, डोंगर दुरूनच पाहा, जवळ जाण्याचें कारण नाहीं. तुमच्या पायांखालची थोडी जमीन मात्र नीट मोजून द्या आणि एकदोन कोन सांगा, म्हणजे त्याचें अंतर व उंची बसल्या जागीं काढून देतां येईल. हिलाच त्रिकोणमिति म्हणतात. शाळेंत हिची ओळख बहुतेकांस होते, आणि परीक्षा आटोपतांच ती सुटते. सुटलेली ओळख पुन्हा जोडून देण्याचा योग आम्हांस थळ या गांवीं आला, म्हणून त्या गांवाच्या आधारानें चार शब्द लिहीत आहों.

थळ हें अलिबागच्या उत्तरेस समुद्रकांठीं वसलेलें गांव. मागल्या अंगास नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या पलीकडे कनकेश्वराचा डोंगर, आणि समोर पाण्यांत उंदेरी व खांदेरी हीं दोन बेटें. किनाऱ्यावर उभें राहून पाहिलें, तर डोळ्यांस दिसते पण हातास लागत नाहीं अशा वस्तूंची येथें रेलचेल आहे. दिवसा माडांचे शेंडे आणि खांदेरीचा दीपस्तंभ. रात्रीं ध्रुवाचा तारा. या तिन्ही वस्तू उत्तरोत्तर दूर आहेत, आणि गंमत अशी, कीं तिन्हींस एकच विद्या पुरते.

प्रथम माडाची गोष्ट. ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ या किनाऱ्यावर येऊन आदळलें. त्यानें वाड्याच्या वाड्या झोपविल्या हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु जीं झाडें पडलीं त्यांच्यापेक्षां जीं अर्धवट कलून उभीं राहिलीं त्यांनीं लोकांस अधिक काळ धास्तींत ठेविलें. आमच्या बिऱ्हाडाशेजारीं असाच एक जुना माड होता. तो वाडीवाल्याचा, पण कलला होता शेजारच्या काकूंच्या घराकडे. वाडीवाल्याचें म्हणणें, माड बुंध्याशींच तोडावा, एका दिवसांत काम होईल, आणि पडला तरी घराच्या अलीकडे दोन हात पडेल. काकूंचें म्हणणें, तो थेट पडवीच्या कौलांवर येईल. दोघेही अदमासानेंच बोलत होते आणि दोघांचाही स्वर चढूं लागला होता. अशा वेळीं तिसऱ्यानें आपलाही अदमास पुढें करण्यांत अर्थ नसतो. आम्हीं घरांतल्या मुलाच्या कंपासपेटींतला कोनमापक मागून घेतला, त्याच्या मध्यबिंदूस दोरा बांधला, दोऱ्यास एक खडा अडकविला आणि अंगणांत उतरलों.

या विद्येंतला पहिला धडा तेथें लगेच भेटला. पुस्तकांतलें झाड नेहमीं सरळ उभें असतें; वादळानें तें तसें ठेविलें नव्हतें. काटकोन त्रिकोणाचे नियम लावावयाचे, तर आधीं काटकोन पाहिजे, आणि कललेला माड जमिनीशीं काटकोन करीत नाहीं. तेव्हां तो आपणच उत्पन्न करावा लागतो. हातांत ओळंबा धरून दोन बाजूंनीं पाहिलें, म्हणजे शेंड्यापासून खालीं सोडलेली उभी रेषा जमिनीस कोठें लागेल तें कळतें. ती जागा बुंध्यापासून दोन मीटर घराच्या अंगास निघाली. तेथें खुंटी ठोकली. गवंडी भिंत उभारतांना गुण्या आणि ओळंबा यांवांचून हात चालवीत नाहीं, तें याच कारणानें. काटकोन ही जगांत आयती पडलेली वस्तु नव्हे. पृथ्वी खडा खालीं ओढते त्या ओढीपासून ती आपण मिळवून घेतों.

खुंटीपासून, कलण्याच्या दिशेस आडवे, बरोबर बारा मीटर मोजून आम्ही उभे राहिलों आणि कोनमापकाच्या सरळ कडेवरून शेंड्याच्या टोंकाकडे नजर लाविली. दोरा ४३ अंशांवर स्थिरावला. ओळंबा नव्वदांतून उरलेला कोन दाखवितो, म्हणून नजरेचा चढ ४७ अंशांचा. आतां ४७ अंशांचा कोन ज्या काटकोन त्रिकोणांत आहे, त्यांत समोरची उभी बाजू पायथ्याच्या बाजूच्या १·०७२ पट असते. बारास या आंकड्यानें गुणलें, १२·८७ मीटर आले. त्यांत जमिनीपासून आमच्या डोळ्यांची उंची दीड मीटर मिळविली, १४·३७ झाले. ही शेंड्याची जमिनीपासूनची उंची. दोन मीटरांचा कल धरून कर्ण काढला, तेव्हां माडाची लांबी साडेचौदा मीटर भरली. बुंध्यापासून पडवीच्या वळचणीपर्यंतचें अंतर टेपनें मोजलें, तें १३·७ मीटर. बुंध्याशीं तोडलेला माड घराकडे पडला, तर कौलें जाणार हें उघड झालें.

काकूंचाच पक्ष खरा ठरला होता, पण काकूंनींच विचारलें, “अहो भाऊ, तुमचा दोरा वाऱ्यानें हलला असेल तर? एखादा अंश इकडेतिकडे झाला तर काय?” इतका मार्मिक प्रश्न आम्हीं शाळेंत कोणा विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकल्याचें स्मरत नाहीं. आम्हीं पुन्हा हिशेब केला. कोन ४६ धरला, तर लांबी १४·१ मीटर येते; ४८ धरला, तर १५ मीटर. म्हणजे एका अंशाची चूक दोन्ही बाजूंनीं पोटांत घातली, तरी माड वळचणीपर्यंत पोहोंचतोच. हें ऐकून वाडीवालाही मुकाट्यानें मानला. माडावर चढणारा पाडेली बोलावून, दोर लावून, शेंड्यापासून तुकडे करीत तो माड उतरविला. तुकडे ओळीनें मांडून मोजले, तेव्हां आमच्या हिशेबांत आणि वस्तुस्थितींत वीतभराचें अंतर राहिलें.

हा १·०७२ आंकडा आला कोठून, असें वाचक विचारतील. आणि या विद्येचें सारें मर्म त्या उत्तरांत आहे. काटकोन त्रिकोण केवढाही असो, त्याचा एक लघुकोन ठरला कीं त्याच्या बाजूंचें परस्पर प्रमाण ठरलें. पाटीवर काढलेला ४७ अंशांचा त्रिकोण, माडाचा त्रिकोण आणि हिमालयाचा त्रिकोण या तिघांचें प्रमाण एकच. लहानांत जें मोजतां येतें, तें मोठ्यास तसेंच लागू करावें, एवढाच हा व्यवहार. एकदां कोणीतरी धीरानें बसून प्रत्येक कोनाचें प्रमाण काढून त्याचें कोष्टक केलें, म्हणजे पुढच्या पिढ्यांस केवळ कोन पाहून कोष्टक उघडावयाचें काम उरतें.

हें कोष्टक करणारांत आपले पूर्वज आघाडीस होते. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानें नव्वद अंशांचे चोवीस भाग करून प्रत्येकाची ‘ज्या’ दिली. वर्तुळाचा तुकडा तो चाप, म्हणजे धनुष्य. त्याचीं टोंकें जोडणारी दोरी ती ज्या. आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या पाठीपर्यंतचा तो शर. गणितांत उपयोग मुख्यतः अर्ध्या दोरीचा, म्हणून अर्धज्येसच पुढें ज्या म्हणूं लागले. त्रिज्या ३४३८ कला धरली, म्हणजे पहिली ज्या २२५ येते. ज्या शब्दाचें दुसरें रूप जीवा. तें अरबी ज्योतिष्यांनीं उचललें. त्यांच्या लिपींत स्वर गाळून लिहिण्याची चाल असल्यामुळें पुढें तो शब्द ‘जैब’ असा वाचला गेला, आणि जैब म्हणजे वस्त्राची खळगी अथवा घडी. युरोपांतील भाषांतरकारांनीं त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा लॅटिन शब्द योजिला. आज महाराष्ट्रांतील नववी-दहावीच्या मराठी पुस्तकांत तो ‘साइन’ होऊन बसला आहे. घरची लेक देशोदेशीं फिरून, नांव पालटून परत यावी आणि आईनें तिला पाहुणी समजून पाट मांडावा, तशी ही गोष्ट आहे. साइन शब्दास आमचा विरोध नाहीं. जगाशीं व्यवहार ठेवावयाचा तर तो पाहिजेच. परंतु जो मुलगा ‘साइन’ पाठ करतो त्याला धनुष्य, दोरी आणि बाण एकदां तरी काढून दाखविले, तर त्या अक्षरांमागें एक आकृति उभी राहील, आणि आकृति उभी राहिली म्हणजे पाठांतराचें ओझें निम्मे उतरतें.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा आणि ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. त्या ग्रंथांतील एक उदाहरण या माडाच्या प्रसंगीं आम्हांस वारंवार आठवत होतें. बत्तीस हात उंचीचा बांबू वाऱ्यानें मोडला आणि त्याचा शेंडा मुळापासून सोळा हातांवर टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. उभी बाजू बारा, आडवी सोळा, आणि मोडून कललेला भाग वीस. वाऱ्यानें मोडलेल्या झाडापासून गणित शिकवावें हें त्या आचार्यांस सुचलें, कारण त्यांनीं अशीं झाडें पाहिलीं असलीं पाहिजेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें चाळीसगांवाजवळील पाटण येथें मठ स्थापिला, आणि तेथील शिलालेखांत जुन्या मराठीच्याही ओळी आहेत. पुढें एकोणिसाव्या शतकांत गणित पुन्हा मराठींत आणण्यासाठीं जे झटले, त्यांतील केरो लक्ष्मण छत्रे हे थळापासून फार लांब नसलेल्या नागांवचे. त्यांनीं कुलाब्याच्या वेधशाळेंत काम केलें आणि १८६० सालीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं. म्हणजे ही विद्या या किनाऱ्यास परकी नाहीं.

आतां माडावरून खांदेरीकडे वळूं. हें बेट मुंबई बंदराच्या वाटेवर आहे. १६७९ सालीं शिवाजी महाराजांनीं तेथें किल्ल्याचें काम आरंभिलें; मायनाक भंडारी हा तेथील कामावर होता. इंग्रजांनीं गलबतें पाठवून तें बंद पाडण्याची खटपट केली. पण मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीं उथळ पाण्यांतून सामान पोहोंचवीत राहिल्या आणि काम तडीस गेलें. लगेच १६८० सालीं सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकावून तटबंदी केली, आणि दोन्ही बेटांवरून एकमेकांवर तोफा डागल्या जाऊं लागल्या. अंतराचा अंदाज चुकला तर गोळा पाण्यांत पडे. तेव्हां अंतर आणि कोन हे त्या काळीं जिवाचे प्रश्न होते. १८६७ सालीं खांदेरीवर दीपस्तंभ झाला. १९९८ मध्यें बेटास कान्होजी आंग्रे यांचें नांव देण्यांत आलें, आणि २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा दुर्गांपैकीं एक म्हणून खांदेरीचा जागतिक वारशांत समावेश झाला.

या दीपस्तंभाचें थळच्या वाळूवरून अंतर काढावें असें आमच्या मनांत आलें. ओहोटीची वेळ साधून, जेथून पुढें वाळूवर ओढलेली सरळ रेषा स्तंभाच्या दिशेशीं काटकोन करील, अशी जागा धरली आणि त्या रेषेवर दोनशें मीटर मोजले. दुसऱ्या टोंकावरून स्तंभाकडे आणि रेषेकडे पाहून मधला कोन घेतला, तो ८८ अंश भरला. कोष्टकाप्रमाणें अंतर ५·७ किलोमीटर येतें. परंतु काकूंचा प्रश्न कानांत होता. कंपासपेटींतल्या कोनमापकानें अर्ध्या अंशाची खात्री देतां येत नाहीं. तेव्हां कोन साडेसत्त्याऐंशी धरला, तर अंतर ४·६ किलोमीटर निघालें. साडेअठ्ठ्याऐंशी धरला, तर ७·६! माडाच्या वेळीं एका अंशानें अर्धाएक मीटर हालविला होता. येथें अर्ध्या अंशानें बेट एक-दोन किलोमीटर मागेंपुढें सरकविलें. साधन तेंच, डोळा तोच, गणित तेंच. मग उत्तराची ही दशा कां?

दोष कोनाचा नव्हता, पायाचा होता. दूरची वस्तु अगदीं आंखूड पायावरून पाहिली, म्हणजे तिच्याकडे जाणाऱ्या दोन्ही रेषा जवळजवळ समांतर होतात, आणि त्या कोठें मिळतात हें केसाइतक्या फरकावर अवलंबून राहतें. म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्हीं पाया पांचपट केला. वाळूवर एक किलोमीटर मोजला. आतां कोन ७९ अंश आला आणि अंतर ५·१ किलोमीटर. अर्धा अंश कमीजास्त केला, तर ४·९ आणि ५·४. बेट जागेवर बसलें. नकाशाही सुमारें पांच किलोमीटरच सांगतो. कोन मोजण्यांत आम्हीं कांहींच सुधारणा केली नव्हती. केवळ चालण्याचे श्रम वाढविले होते.

दूरच्या वस्तूविषयीं खात्रीनें बोलावयाचें असेल, तर आधीं आपल्या जवळची जमीन भरपूर लांबवर आणि काळजीपूर्वक मोजली पाहिजे, हा नियम मोठमोठ्या मोजण्यांसही सुटलेला नाहीं. १८०२ सालीं विल्यम लॅम्बटन यानें मद्रासजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, तेव्हां त्यानें प्रथम साडेसात मैलांचा पाया साखळीनें मोजला. त्या एका रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत ती मोजणी हिमालयाच्या पायथ्यास गेली. नेपाळांत मोजणीदारांस प्रवेश नव्हता. म्हणून शंभर मैलांहून दूर सपाटीवर उभें राहून शिखरांचे कोन घेतले गेले. १८५२ सालीं राधानाथ सिकदार यांनीं पंधराव्या शिखराचा हिशेब केला, आणि १८५६ सालीं त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. मार्गांत किरण हवेनें वांकतो, त्याचीही वजाबाकी त्यांत होती. २०२० सालीं नेपाळ आणि चीन यांनीं मिळून हीच उंची ८,८४८·८६ मीटर, म्हणजे सुमारें २९,०३२ फूट ठरविली. शंभर मैलांवरून पाहणारानें तीस फुटांचा फरक करावा, यांत दोष काढण्यापेक्षां नवल करावें हें बरें. दुरून डोंगर मोजणाऱ्यांनीं त्या डोंगरावर पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधीं त्याची उंची जगास सांगितली.

राहिला ध्रुव. त्याचें अंतर काढणें आमच्या आवांक्याबाहेरचें. परंतु त्याचा कोन आमच्याच ठिकाणाविषयीं बोलतो. रात्रीं दिवे मालवल्यावर त्याच कोनमापकानें ध्रुवाकडे पाहिलें, तर त्याची उंची अठरा आणि एकोणीस अंशांच्या मधें येते, कारण थळचे अक्षांशही तेवढेच आहेत. कन्याकुमारीस तो आठ अंशांवर लोळतो, श्रीनगरास चौतीस अंशांवर चढतो. प्रत्येक अंशास उत्तरेकडे सुमारें १११ किलोमीटर. तारा नेमका ध्रुवबिंदूवर नसून अर्ध्या अंशाहून थोडा बाजूस आहे, एवढी सूट ठेवावी. क्षितिज दिसलें नाहीं तरी अडत नाहीं, ओळंबा पुरतो. होकायंत्राची सुई देखील खऱ्या उत्तरेशीं लहानसा कोन करते आणि तो कोन काळाबरोबर बदलतो. तो टिपण्याचें काम जवळच अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेंत १९०४ पासून चाललें आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें कुलाब्याच्या सुया बिघडतील म्हणून तें काम शांत अलिबागेस आणलें गेलें.

आज खिशांतला मोबाइल क्षणांत अंतर, उंची आणि दिशा सांगतो. मग हा खटाटोप कशास, असें कोणी म्हणेल. मोबाइल वापरूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो उत्तर देतो तेव्हां तें कोणत्या पायावर उभें आहे आणि त्यांत किती चूक संभवते, हें तो क्वचितच सांगतो. आणि आपणही विचारीत नाहीं. काकूंनीं विचारलेला प्रश्न ज्याच्या मनांत उठत नाहीं, त्याच्या हातीं कितीही नाजूक यंत्र दिलें तरी तो अदमासच करीत असतो, फक्त आंकड्यांत. ज्याच्या मनांत तो प्रश्न उठतो, त्याला एक दोरा, एक खडा आणि वाळूवर चालण्याची तयारी एवढें भांडवल पुरतें. आपल्या किनाऱ्यावरच्या शाळांतून त्रिकोणमितीचा धडा लागेल त्या आठवड्यांत मुलांस एखाद्या ओहोटीस बाहेर न्यावें, दोनशें मीटरांवरून बेट हलतांना दाखवावें आणि मग किलोमीटरभर चालवून तें स्थिर करून घ्यावें. समुद्र तेथेंच आहे. बेटही कोठें जात नाहीं.